ग्रंथपालांचा तास वेळापत्रकात लावा

मा. कुलगुरू, मुंबई विद्यापीठ, यांस,



मी नालासोपारा पश्चिमेला, सोपारा गावाच्या बाजूला राहते आणि गेली अठरा वर्षे आपल्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या महाविद्यालयात भूगोल शिकवते. हे पत्र लिहिण्याचे कारण माझी एक विद्यार्थिनी आहे. तिचे नाव इथे देत नाही, पण तिची गोष्ट आपल्याला सविस्तर सांगायची आहे.

ती पूर्वेला तुळींजकडे राहते. चाळीत तळमजल्याची खोली. क्षेत्र प्रकल्पासाठी तिने विषय घेतला होता परिसरात पाणी तुंबण्याचा. बावीस पानांचा प्रकल्प घेऊन आली, व्यवस्थित स्पायरल बाइंडिंग केलेला. पहिली चार पाने जागतिक तापमानवाढीवर, पुढची काही 26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या पुरावर. नालासोपारा आला तो चौदाव्या पानावर, आणि दोन परिच्छेदांत संपला. मी लाल पेनाने शुद्धलेखन दुरुस्त केले आणि समासात लिहिले, ‘संदर्भ द्या.’ आठवड्याने ती संदर्भ घेऊन आली. पाच पुस्तके, लेखक-प्रकाशक-सालासह. आमच्या ग्रंथालयात त्यांतले एकही नव्हते, म्हणून ग्रंथपाल मॅडमनी मोठ्या ग्रंथालयांच्या ऑनलाइन सूचींत शोध घेतला. पाचपैकी तीन पुस्तकांचा कुठेच पत्ता लागला नाही. मोबाइलवरच्या एआयने ती नावे रचून दिली होती.

मी रागावले. ती रडवेली होऊन म्हणाली, “मॅडम, मला वाटलं तुम्हाला पुस्तकांची नावं हवी होती.”

तिचे काही चुकले नव्हते. मी नावेच मागितली होती. संदर्भ का लागतो, तो कुठे सापडतो, खरा की खोटा हे कसे पडताळायचे, यातले मी तिला कधी काही शिकवले नव्हते. माझ्या अभ्यासक्रमात त्याला तास नव्हता आणि खरे सांगायचे तर त्यातले निम्मे मलाही येत नव्हते.

त्या दुपारी ग्रंथपाल मॅडमकडे अर्धा तास मोकळा होता. त्यांनी तिला समोर बसवले. प्रकल्प उघडलाच नाही. विचारले, “तुझ्या घरात पाणी कधी शिरलं होतं?”

“सातवीत असताना. शाळेला सुट्टी दिली होती.”

“महिना?”

“जुलै असणार. नवी वह्या-पुस्तकं भिजली होती.”

मॅडम उठल्या आणि कपाटातून वसई-विरारच्या कात्रणांची फाइल घेऊन आल्या. जुलै 2018 ची कात्रणे काढली. 9 आणि 10 तारखेचा पाऊस, नालासोपाऱ्यात पाण्याखाली गेलेले रूळ, ठप्प झालेल्या लोकल, अडकलेल्या एक्स्प्रेसमधून उतरवलेले प्रवासी. मुलगी वाचत राहिली. तिच्या घरात शिरलेले पाणी छापून आले होते, त्याला तारीख होती. पुढच्या एका कात्रणात पुराची कारणे शोधण्यासाठी महापालिकेने नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या तज्ज्ञांची समिती नेमल्याची बातमी होती. आपल्या गल्लीतल्या पाण्यावर कुणी अभ्यास केला असेल, हेच तिला नवीन होते.

मग मॅडमनी एक कोरी चिठ्ठी घेतली आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे तिचे शब्द, उजवीकडे अहवाल लिहिणाऱ्यांचे. पाणी तुंबणे म्हणजे वॉटरलॉगिंग. भरती म्हणजे हाय टाइड. खाडी म्हणजे क्रीक, मिठागर म्हणजे सॉल्ट पॅन. खाली गावांची नावे. नालासोपाऱ्याचे इंग्रजी स्पेलिंग कुठे एका ‘एल’चे, कुठे दोन ‘एल’चे. जुन्या कागदांत नुसतेच सोपारा. वसई शोधायची तर इंग्रजांच्या काळात ती बॅसीन, आणि ठाण्याच्या शेवटी ‘ई’ नाही, ‘ए’. मुलगी आतापर्यंत मराठीत ‘नालासोपारा पाणी’ एवढेच टाइप करत होती आणि तिला मिळत होते गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्या लोकांचे व्हिडिओ. चिठ्ठीतल्या शब्दांनी ती वीस मिनिटांत ठाणे जिल्ह्याच्या 1882 च्या गॅझेटियरपर्यंत पोहोचली. त्यात सोपाऱ्याची खाडी होती, बंदर होते.

दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या दारातच थांबली होती. “मॅडम, इथं एवढी मोठी खाडी होती तर पावसाचं पाणी तिकडूनच जात असेल ना? आता ते कुठून जातं?”

अठरा वर्षांत कुठल्याही प्रकल्पातून असा प्रश्न माझ्यापर्यंत आला नव्हता.

महोदय, हा प्रश्न निव्वळ योगायोगाने जन्माला आला. मॅडमकडे तो अर्धा तास नसता, त्या परीक्षेच्या ड्यूटीवर असत्या किंवा नॅकच्या मूल्यांकनाची फाइल भरत असत्या, तर मुलीने आणखी पाच पुस्तकांची नावे आणली असती आणि मी तिला गुण देऊन मोकळी झाले असते. वर्गातल्या बाकीच्या एकेचाळीस मुलांच्या बाबतीत तेच झाले. या योगायोगाला वेळापत्रकात जागा मिळावी, एवढेच मागणे घेऊन मी आपल्यापुढे आले आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पदव्युत्तर वर्गांना 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांच्या पदवी वर्गांना 2024-25 पासून लागू झाले. पदव्युत्तरच्या पहिल्याच सत्रात संशोधन पद्धती हा विषय आला, पदवीला क्षेत्र प्रकल्प आणि समाजसंपर्काचे प्रकल्प आले. 2024-25 ला प्रथम वर्षात बसलेली मुले 2027-28 ला चौथ्या वर्षात असतील आणि त्यांतली काही संशोधनासह ऑनर्स घेतील. मला हे धोरण मनापासून पटते. तुळींजच्या मुलीने तुळींजच्या पाण्याचा अभ्यास करावा, ही किती चांगली गोष्ट आहे! पण संशोधन अभ्यासक्रमात आले आणि ज्या माणसाला शोधणे येते तो मात्र वेळापत्रकाबाहेरच राहिला.

ग्रंथपाल कुणी कारकून नाही, हे आपल्याला सांगायला नको. यूजीसीच्या 2018 च्या नियमांप्रमाणे महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट किंवा पीएचडी लागते. वेतनस्तरही सहायक प्राध्यापकाचाच, दहावा. तरी मुलांच्या लेखी ग्रंथपाल म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ‘नो ड्यूज’वर सही करणारी व्यक्ती. प्राध्यापकांच्या लेखीही फार वेगळे नाही. मीसुद्धा त्या दुपारपर्यंत मॅडमकडे पुस्तकांची मागणी-यादी देण्यापलीकडे कशासाठी गेले नव्हते.

पीएचडीच्या विद्यार्थ्याला यूजीसीने संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. डेटाबेस कसे वापरायचे हे त्यात येते आणि पुष्कळ ठिकाणी तो भाग ग्रंथपालच शिकवतात. वाङ्मयचौर्याचे 2018 चे नियमही आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, त्यापुढे कारवाई, साठ टक्क्यांवर सगळ्यात कडक. पण पंचविशीत ज्याला हे सांगितले जाते, त्याची सवय एकोणिसाव्या वर्षी पडलेली असते. प्रथम वर्षाचा मुलगा पहिल्या वेबसाइटवरचा परिच्छेद उचलतो तेव्हा त्यात त्याला चोरी वाटत नाही. अभ्यास म्हणजे हेच असते असे त्याला मनापासून वाटते, कारण पाचवीपासूनच्या त्याच्या प्रत्येक प्रकल्पाला याच मार्गाने शाबासकी मिळालेली असते.

साधने नाहीत असेही नाही. यूजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेत महाविद्यालयाला वार्षिक वर्गणी भरून सहा हजारांवर नियतकालिके आणि जवळपास दोन लाख ई-पुस्तके मिळतात, विद्यार्थ्याला घरून उघडता येतात. शोधगंगेवर पाच लाखांवर प्रबंध आहेत, त्यांत मराठीतलेही आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे ग्रंथसंजीवनी आहे, मराठी विश्वकोश आहे, गॅझेटियर आहेत. आमच्या मॅडमनी मुलांचे ईमेल एकेक करून एन-लिस्टमध्ये नोंदवले. पासवर्ड गेले, आणि बहुतेक मुलांनी ते कधी उघडलेच नाहीत. जाहिरात समजून पुसून टाकले. पासवर्ड देण्याचे काम ग्रंथालयाचे आणि प्रकल्प देण्याचे काम विभागाचे. मुलाला दोन्ही मिळतात, पण या दोहोंचा एकमेकांशी संबंध आहे हे त्याला सांगणारा कुणी नसतो.

गेल्या सत्रात मॅडमनी आणि मी मिळून एक प्रयत्न केला.

आमची मुले सकाळी सातला लेक्चरला बसतात आणि दुपारची लोकल पकडून अंधेरी-गोरेगावला कामावर जातात. दुकाने, कॉल सेंटर, कुरिअर. ग्रंथालय उघडे असते तेव्हा ती गाडीत असतात. यूजीसीने ब्लेंडेड लर्निंगच्या 2021 च्या मसुद्यात अभ्यासक्रमाचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन घेण्याची कल्पना मांडली होती. तिचे काय करायचे हे तेव्हा आम्हाला कळले नव्हते, आता कळले. ब्लेंडेड लर्निंग हा शब्द मोठा आहे. आमच्यापुरता त्याचा अर्थ असा ठरला की ऐकण्याचे काम मुलांनी गाडीत करावे आणि हाताने करण्याचे ग्रंथालयात, आमच्यासमोर.

आम्ही आठ-नऊ मिनिटांचे चार व्हिडिओ केले, मोबाइलवरच. पहिला करून एका मुलाला दाखवला तर तो म्हणाला, “मॅडम, विरार लोकलमध्ये मोबाइल डोळ्यांपुढे धरायला जागा कुठं असते? हेडफोन लावू शकतो फक्त.” मग सगळे पुन्हा केले, नुसते ऐकूनही कळतील असे. मराठीत केले, दोन हिंदीतही केले, कारण आमच्या वर्गात उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांतली मुले बरीच आहेत.

दुसरा व्हिडिओ आमच्या गावावरच होता. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला बुरूड राजाचा कोट उकरला, आतून स्तूप निघाला, दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धांच्या आठ लहान मूर्ती निघाल्या. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा मिळाला तो 1956 साली, इथून जवळच्या भुईगावात. आमच्या मुलांच्या प्रकल्पांत दोन्ही तुकडे हमखास 1882 चेच असतात. व्हिडिओत आम्ही एवढेच सांगितले की या दोन तुकड्यांपैकी कुठला कधी सापडला ते एकमेकांची नक्कल नसलेल्या दोन ठिकाणांहून शोधा आणि शनिवारी ग्रंथालयात या.

‘एकमेकांची नक्कल नसलेल्या’ या अटीवर मुले अडली. सहा वेबसाइट सापडल्या आणि सहांवर तीच वाक्ये, तीच चूक. शनिवारी आम्ही वीस-वीसचे गट केले. मॅडमनी सहा पाने शेजारी शेजारी उघडून दाखवली आणि विचारले, “हे साक्षीदार किती?” एक मुलगा म्हणाला, “एकच.” तो वर्गात कधी बोलत नाही. भगवानलाल शोध लावून थांबले नव्हते. त्यांनी तो एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात लिहून ठेवला, म्हणून आज नालासोपाऱ्यातला एकोणीस वर्षांचा मुलगा वेबसाइटला चूक ठरवू शकतो. हे मी कितीही व्याख्याने देऊन समजावू शकले नसते.

प्रत्येकाला एक शोधवही ठेवायला सांगितली. कुठला शब्द टाकला, कुठे टाकला, काय मिळाले, काय टाकून दिले आणि का. विषय मी वाचायचा, वाट मॅडमनी वाचायची. मी जिथे ‘छान’ लिहून पुढे गेले तिथे मॅडमनी लिहिले होते, ‘हा लेख तू पूर्ण उघडलास का? सारांशच वाचलेला दिसतो.’ त्यांचे बरोबर होते. मी लेखनाकडे बघत होते आणि मॅडम मुलाने काय केले नाही ते बघत होत्या.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. बेचाळीसपैकी अकरा मुले शनिवारी आलीच नाहीत. त्यांना कामावरून सुट्टी मिळाली नाही. ग्रंथालयात धड चालणारे संगणक चार. ग्रंथालय परिचराची जागा रिकामी, त्यामुळे शिकवणे चालू असताना मॅडमना पुस्तके देण्या-घेण्यासाठी तीनदा उठावे लागले. आणि मॅडमच्या या सगळ्या तासांची नोंद कुठेच झाली नाही. माझे तास कार्यभारात धरले, त्यांचे धरले नाहीत. आम्ही दोघींनी एकच वर्ग घेतला, एकाच वेळी, आणि कागदावर तो मी एकटीने घेतला. त्यांनी तक्रार केली नाही. मला मात्र हे बोचते.

प्राध्यापकांच्या बाजूनेही अडचण आहे आणि ती आम्ही कबूल केली पाहिजे. आपल्या वर्गात दुसरे कुणी शिकवायला उभे राहिले की आपले काहीतरी कमी होते असे आम्हाला वाटते. मलाही पहिल्या शनिवारी वाटले. माझ्या विद्यार्थ्यांसमोर मॅडमनी मला माहीत नसलेला डेटाबेस उघडला आणि एका मुलीने मला विचारले, “मॅडम, तुम्ही हे वापरलंय?” मी नाही म्हणाले. त्या दिवशी मीही मुलांच्या ओळीत बसून शिकले. नंतर मुले मला जास्त प्रश्न विचारू लागली, कमी नाही.

आपल्या हातात पुष्कळ आहे, म्हणून आपल्याला लिहिते. क्षेत्र प्रकल्प, संशोधन पद्धती आणि चौथ्या वर्षाचा संशोधन प्रकल्प यांच्या अभ्यासक्रमात ग्रंथपाल सहशिक्षक असतील, असे विद्यापीठाने लिहून द्यावे. त्यांचे तास कार्यभारात धरावेत. आराखड्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. प्रकल्प संपल्यावर नव्हे, विषय ठरवतानाच दोघांनी एकत्र बसावे. नाहीतर दरवर्षी जूनमध्ये होणारी ग्रंथालयाची ओळख, म्हणजे दोनशे मुलांना एका रांगेत कपाटे दाखवून आणणे, तेवढीच होत राहील. प्रकल्प नसताना दिलेली ती माहिती प्रकल्प येईपर्यंत कुणाला आठवत नाही.

प्रकल्पाच्या गुणांतले काही गुण शोधवहीला द्यावेत. बाइंडिंग केलेला प्रकल्प तयारही मिळतो, अनेक दुकानांत मिळतो, आता मोबाइलवरही मिळतो. तीन महिन्यांची, खाडाखोड असलेली, चुकलेल्या वाटा लिहिलेली वही कुणी तयार करून देत नाही.

विद्यापीठाच्या ज्ञान स्रोत केंद्राने मराठीत छोटे धडे करून सगळ्या महाविद्यालयांना दिले तर पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या प्रत्येक ग्रंथपालाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. सामाईक भाग विद्यापीठाचा असावा, गावातला भाग गावाने जोडावा. आम्ही सोपारा जोडू, रत्नागिरीचे लोक तिथले काही जोडतील. दरवर्षी आविष्कार संशोधन संमेलनात आपली मुले भाग घेतात. तिथे पोहोचणाऱ्या मूठभर मुलांना मार्गदर्शन मिळते. ही तयारी प्रथम वर्षाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायला हवी.

एक गोष्ट आपल्या एकट्याच्या हातातली नाही, पण आपला शब्द तिथे ऐकला जाईल. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेसाठी केंद्राने 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये मंजूर केले. 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके 6,300 हून अधिक संस्थांना मिळावीत, अशी ती योजना. या संस्था केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखालच्या आहेत. वसई-विरारमधली मुले शिकतात ती महाविद्यालये बहुतांशी खासगी संस्थांची आहेत आणि म्हणून योजनेबाहेर आहेत. 2011 च्या जनगणनेत ज्या शहराची लोकसंख्या 12 लाखांवर होती आणि जे त्यानंतर वाढतच गेले, तिथल्या मुलांना पुढच्या टप्प्यात तरी दार उघडावे, असे आपण शासनाला कळवावे. ग्रंथपालांच्या आणि परिचरांच्या रिकाम्या जागांबद्दलही कळवावे. सहशिक्षक म्हणून नाव घातले आणि माणूसच नसला तर उपयोग काय?

त्या मुलीचा प्रकल्प आता तिसऱ्यांदा लिहून झाला आहे. तापमानवाढीची चार पाने गेली. पहिल्या पानावर तिच्या खोलीच्या भिंतीवरची पाण्याची खूण आहे, जमिनीपासून मोजलेली, सेंटिमीटरमध्ये. दुसऱ्या पानावर तिने चाळीतल्या नऊ घरांतल्या खुणा मोजल्या आहेत. समितीच्या अहवालासाठी तिने महापालिकेत माहिती अधिकाराखाली अर्ज केला आहे. अर्जाचा मसुदा मॅडमनी तपासला आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायला मी सांगितले. उत्तर यायचे आहे.

येत्या सत्रातही आम्ही शनिवारी दुपारी दोन ते चार ग्रंथालयात बसणार आहोत, या वेळी इतिहास आणि अर्थशास्त्राचे सहकारीही येतो म्हणाले आहेत. आपण एखाद्या शनिवारी यावे. येण्यापूर्वी फक्त कळवावे, म्हणजे त्या दिवशी कामावरून सुट्टी काढता येईल का, हे मुले विचारून ठेवतील.

आपली नम्र,
भूगोलाची एक शिक्षिका
नालासोपारा (पश्चिम), जि. पालघर